टायमर स्वतः किती खातो, आणि कोणाला जागं ठेवतो?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवसांत मला निफाडहून एक फोन आला होता. "ताई, तुमच्या डबीचं बटण दाबलं तरी दिवा लागत नाही." मातीतला ओलावा आणि तापमान नोंदवणारे आठ लॉगर मी ज्यांच्या द्राक्षबागेत जूनमध्ये बसवले होते, त्या काकांचा तो फोन. मी घरी होते, फराळाच्या गडबडीत. बटण सैल झालं असेल असं म्हणून सोडून दिलं. एकोणीस दिवसांनी बागेत गेले तेव्हा आठच्या आठ लॉगर मेलेले होते. ऑक्टोबर छाटणीनंतरचे फुलोऱ्याचे दिवस नेमके त्या एकोणीस दिवसांत येऊन गेले. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा तोच गाभा होता. बाग परत फुलोऱ्यावर यायला पुढचं वर्ष लागतं, हे काकांनी मला फार न रागावता समजावून सांगितलं.

लॉगरमध्ये नाण्याएवढा सीआर२०३२ सेल होता. त्याची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. चिप होती एमएसपी४३०जी२५५३. तिच्या डेटाशीटच्या पहिल्याच पानावर 'स्टँडबाय ०.५ मायक्रोअँपिअर' असं लिहिलेलं आहे. मी त्या आकड्यावर हिशोब केला आणि गाइड सरांना छातीठोकपणे सांगितलं की सेल दोन वर्षं सहज जाईल. गेला पाच महिने. या लेखात ती चूक उलगडून दाखवते, कारण लो-पॉवर हार्डवेअरवर संशोधन करायला येणारे दहापैकी निम्मे जण ती करतात, असं मला आता लॅबमध्ये ज्युनिअर्सचा कोड बघताना वाटतं.

आधी टायमरच्या आत काय असतं ते बघू. टायमर म्हणजे एक काउंटर. क्लॉकचा एक ठोका आला की आकडा एकाने वाढतो. ठरवलेल्या आकड्याला पोचला की इंटरप्ट देतो. सीमॉस सर्किटमध्ये खर्च होतो तो मुख्यतः शून्याचा एक आणि एकाचा शून्य होताना, कारण दर वेळी तारेचं आणि ट्रान्झिस्टरच्या गेटचं कपॅसिटन्स भरावं-रिकामं करावं लागतं. पॉवर म्हणजे सक्रियता गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रीक्वेन्सी. हे सूत्र तुम्हाला पाठ असेल. प्रश्न आहे त्यातली 'सक्रियता' कोणाची?

जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा मीटर आठवा. एककाचं चाक सारखं फिरतं, दशकाचं त्याच्या दहाव्या हिश्शाने, आणि दहा हजाराचं चाक हललेलं आपण क्वचितच पाहतो. बायनरी काउंटरचंही तसंच. सगळ्यात खालचा बिट दर ठोक्याला पलटतो, त्याच्या वरचा दर दोन ठोक्यांना, त्याच्या वरचा दर चार. बेरीज केली तर १६ बिटांचा काउंटर असो की ३२ बिटांचा, एका ठोक्यामागे सरासरी दोनपेक्षा कमीच बिट पलटतात. म्हणजे मोजण्याचं काम स्वस्त आहे. महाग आहे ते ठोका पोचवण्याचं काम. नेहमीच्या सिंक्रोनस काउंटरमध्ये क्लॉकची तार सोळाही फ्लिप-फ्लॉपना जाते. वरचे चौदा बिट पलटणार नसले तरी त्यांच्या दारावर दर ठोक्याला थाप पडतेच. यावर उपाय म्हणजे वरच्या बिटांचा क्लॉक गरज नसेल तेव्हा बंद ठेवणं, किंवा रिपल काउंटर वापरणं, ज्यात एका बिटाचं आउटपुट हाच पुढच्या बिटाचा क्लॉक असतो. रिपलमध्ये अडचण एवढीच की बदल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत असताना तुम्ही आकडा वाचलात तर भलताच मिळतो. कोणी ग्रे कोड सुचवेल, त्यात दर ठोक्याला नेमका एकच बिट पलटतो. पण पुढचा आकडा काढायला जे जास्तीचं लॉजिक लागतं त्याचा खर्च धरल्यावर फायदा उरतोच असं नाही. चिप डिझाइनमध्ये जाणार असाल तर इथे तुम्हाला भरपूर काम आहे.

पण तयार चिप वापरणाऱ्याला काउंटरच्या आत हात घालता येत नाही. आपल्या हातात असतं ते फक्त त्याला ठोके कोण पुरवणार हे ठरवणं. माझे लॉगर मेले ते इथेच.

माझा कोड लॅबमधल्या एका जुन्या प्रोजेक्टमधून आलेला होता. तो कोणी लिहिला हे सांगण्यात अर्थ नाही, तपासायची जबाबदारी माझी होती. त्यात टायमरला एसएमसीएलके, म्हणजे चिपच्या आतल्या डीसीओ ऑसिलेटरवरून येणारा १ मेगाहर्ट्झचा क्लॉक दिलेला होता. दर १,००० ठोक्यांना, म्हणजे दर मिलिसेकंदाला, एक इंटरप्ट. इंटरप्टमध्ये एक आकडा वाढायचा, तो ६ लाखांवर गेला की दहा मिनिटं झाली, रीडिंग घ्या. मधल्या वेळात सीपीयू झोपायचा. 'झोपायचा' हे मी पाहिलं आणि खूश झाले.

एमएसपी४३० मध्ये झोपेच्या पायऱ्या आहेत. एलपीएम० मध्ये सीपीयू थांबतो पण डीसीओ आणि एसएमसीएलके चालू राहतात. एलपीएम३ मध्ये डीसीओही बंद होतो आणि फक्त एसीएलके, म्हणजे संथ क्लॉक, जागा राहतो. टायमर एसएमसीएलकेवर असेल तर तुम्हाला एलपीएम० च्या खाली उतरताच येत नाही. उतरलात तर टायमर थांबेल आणि चिप परत उठणारच नाही. म्हणून जुन्या कोडमध्ये एलपीएम० होता. आणि डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे ते ०.५ मायक्रोअँपिअर? आतल्या पानांवरच्या तक्त्यात पाहिलं तर तो आकडा एलपीएम३ चा, तोही व्हीएलओ नावाच्या आतल्या संथ ऑसिलेटरवर. त्याच तक्त्यात एलपीएम० ला ५६ मायक्रोअँपिअर दिलेले आहेत, १ मेगाहर्ट्झ आणि २.२ व्होल्टला. शंभरपटीहून जास्त फरक, आणि दोन्हीला आपण बोलताना 'स्लीप मोड' म्हणतो.

मी परत आल्यावर मोजलं: ६२ मायक्रोअँपिअर. इंटरप्ट बंद करून फक्त झोपवलं तेव्हा ५६ च्या आसपास. म्हणजे सेकंदाला हजार वेळा उठण्याचा खर्च साधारण ६. हे हिशोबातही बसतं. एका इंटरप्टला माझ्या कोडमध्ये सुमारे २५ सायकल लागत होत्या, म्हणजे दर १,००० मायक्रोसेकंदांतले २५ मायक्रोसेकंद सीपीयू जागा, अडीच टक्के वेळ. ३ व्होल्टला जागा असताना चिप ३३० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. २२५ मिलिअँपिअर-तासांना ६२ मायक्रोअँपिअरने भागा. साधारण ३,६०० तास, म्हणजे दीडशे दिवस. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दीडशे दिवस मोजले की नोव्हेंबरचा पहिला आठवडा येतो. लॉगर अगदी वेळेवर मेले होते.

गंमत म्हणजे, यात टायमरच्या काउंटरचा स्वतःचा वाटा नगण्य आहे. खर्च झाला तो टायमरसाठी जागं राहिलेल्या डीसीओचा आणि त्याच्यामागे चालू राहिलेल्या सगळ्या क्लॉकच्या जाळ्याचा. लग्नघरात एका पाहुण्याला पहाटेची गाडी पकडायची म्हणून सगळं घर रात्रभर दिवे लावून बसावं, तसं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. ३२,७६८ हर्ट्झचा घड्याळाचा क्रिस्टल लावला. (हा विचित्र आकडा कुठून आला? दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा दोनाने भागलं की बरोबर एक सेकंद. मनगटी घड्याळातही हाच असतो.) टायमर एसीएलकेवर नेला. आता १६ बिटांचा काउंटर ३२,७६८ हर्ट्झवर दोन सेकंदांत भरतो, म्हणजे दर दोन सेकंदांना उठावं लागेल. म्हणून एसीएलकेला आठाने भागलं, आणि टायमरच्या स्वतःच्या डिव्हायडरने पुन्हा आठाने. उरले ५१२ हर्ट्झ. १०० सेकंद म्हणजे ५१,२०० ठोके, १६ बिटांत मावतात. तुलनेच्या रजिस्टरमध्ये ५१,१९९ लिहायचं, कारण मोजणी शून्यापासून असते. असे सहा वेळा उठलं की दहा मिनिटं. आधी सहा लाख वेळा उठत होते, आता सहा वेळा.

झोपेतला करंट १.१ मायक्रोअँपिअरवर आला. रीडिंगच्या वेळी सेन्सर आणि मेमरी चिप धरून सुमारे ५.३ मिलिअँपिअर, ५० मिलिसेकंदांसाठी. दहा मिनिटांवर पसरवलं तर ०.४४ मायक्रोअँपिअर. एकूण दीडच्या थोडं वर. कागदावर सेल सोळा-सतरा वर्षं जायला हवा. तुम्ही असा आकडा पेपरात लिहिलात तर रिव्ह्यूअर हसेल, कारण सेल नुसता ठेवून दिला तरी इतकी वर्षं भरवशाचा राहत नाही. पण तिथे पोचलात की टायमरचा प्रश्न संपला आणि बॅटरीचा सुरू झाला, एवढं नक्की कळतं.

इथे एक गोंधळ दूर करते, कारण तो मलाही बरेच दिवस होता. फ्रीक्वेन्सी कमी केली की पॉवर कमी होते, मग सीपीयूही हळू चालवावा का? नाही. टायमरला ठरावीक वेळ चालायचं असतं. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. तो जितके कमी ठोके घेईल तितकी ऊर्जा कमी. सीपीयूला मात्र ठरावीक सायकल पूर्ण करायच्या असतात. त्याला हळू केलं तर पॉवर कमी होते पण वेळ त्याच प्रमाणात वाढतो, आणि तेवढा जास्त वेळ सेन्सर, रेग्युलेटर, लीकेज सगळं चालू राहतं. म्हणून सीपीयूने भरभर काम उरकून झोपावं आणि टायमरने सावकाश मोजत बसावं. व्होल्टेजही कमी करता येत असेल तर सीपीयूचा हिशोब बदलतो, कारण सूत्रात त्याचा वर्ग आहे, पण तो वेगळा विषय.

आता तुम्ही म्हणाल, क्रिस्टल तरी कशाला? व्हीएलओ चिपमध्येच आहे, फुकट आहे आणि त्याच्यावर करंट आणखी कमी लागतो. खरंय. पण व्हीएलओचा 'टिपिकल' आकडा १२ किलोहर्ट्झ असला तरी डेटाशीट ४ ते २० किलोहर्ट्झची मुभा घेते, आणि तापमानात एका अंशाला अर्धा टक्का सरकतो. निफाडला थंडीत पहाटे पारा एक आकडी होतो आणि दुपारी ऊन असतं. वीस अंशांच्या फरकाला दहा टक्के. तुमची दहा मिनिटं दुपारी दहा मिनिटं आणि पहाटे अकरा मिनिटं होतील. नुसत्या दारावरच्या सेन्सरला चालेल, वेळेच्या नोंदीला नाही. मधला मार्ग म्हणजे अधूनमधून डीसीओ काही मिलिसेकंद चालू करून त्याच्या ठोक्यांनी व्हीएलओ मोजायचा आणि आकडा दुरुस्त करायचा. चालतो, पण डीसीओ स्वतःच काही टक्के इकडे-तिकडे असतो.

अचूकता कमी करून टायमरचा खर्च किती खाली नेता येतो यावर खूप संशोधन झालंय. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये ट्रान्झिस्टरच्या गेटमधून गळणाऱ्या करंटवरच चालणारा, एका पिकोवॉटपेक्षा कमी पॉवर घेणारा टायमर मांडला होता. असे पेपर वाचले की आपण फार मागे आहोत असं वाटतं. पण वाचताना एक प्रश्न विचारायची सवय लावा: टायमर चुकला तर त्याची किंमत सिस्टिममध्ये कोण मोजतं?

समजा दोन नोड तासाला एकदा रेडिओवर बोलतात. दोघांचे क्रिस्टल २० पीपीएमचे, म्हणजे एकमेकांच्या तुलनेत जास्तीत जास्त ४०. तासाभरात फरक पडेल १४४ मिलिसेकंदांचा, तेवढा वेळ आधी उठून ऐकत बसावं लागेल. रेडिओ १० मिलिअँपिअर घेत असेल तर हा खर्च सरासरी ०.४ मायक्रोअँपिअर पडतो. आता एक टक्का चुकणारा टायमर घ्या. तासाचे ३६ सेकंद आधी उठावं लागेल, सरासरी १०० मायक्रोअँपिअर. टायमरमध्ये नॅनोअँपिअर वाचवून रेडिओत शंभर मायक्रोअँपिअर घालवले. माझ्या मते टायमरवरच्या पेपरात फक्त नॅनोवॉटचा आकडा असेल आणि तापमानाचा आलेख नसेल, तर तो पेपर अर्धवट आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण एमएसपी४३० वापरत नसतील, तेव्हा बाकीच्यांबद्दल थोडं. आर्डुइनो उनोवर शिकला असाल तर माहीत असू द्या की मिलिसेकंद मोजण्यासाठी टायमर० मागे सतत चालू असतो आणि दर १.०२४ मिलिसेकंदाला इंटरप्ट देतो. एटमेगा३२८पी चा टायमर२ वेगळ्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर, बाकी चिप झोपलेली असताना चालू शकतो. पण त्या क्रिस्टलच्या पिना मुख्य क्रिस्टलच्याच आहेत, त्यामुळे उनो बोर्डवर ते जमत नाही. चिप आतल्या ऑसिलेटरवर चालवावी लागते. आणि उठल्यावर त्या संथ क्लॉकचा एक पूर्ण ठोका व्हायच्या आत परत झोपवलंत, तर ती पुन्हा उठतच नाही. हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे, तरीही प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी यात एक आठवडा घालवतं.

फ्रीआरटीओएस वापरत असाल तर माझाच हजार हर्ट्झचा टिक तुमच्याकडेही असण्याची शक्यता आहे, फक्त तो तुम्ही लिहिलेला नाही म्हणून दिसत नाही. टिकलेस आयडल चालू करा. पण तेवढ्याने भागत नाही. कॉर्टेक्स-एम चा सिसटिक २४ बिटांचा असतो, ४८ मेगाहर्ट्झवर तो ०.३५ सेकंदात भरतो, आणि खोल झोपेत बहुधा त्याचा क्लॉकच बंद असतो. टिकची जबाबदारी लो-पॉवर टायमरवर द्यावी लागते. एनआरएफ५२८३२ मधला आरटीसी २४ बिटांचाच आहे, पण ३२,७६८ हर्ट्झवर ५१२ सेकंद पुरतो. त्याच चिपमधला वेगवान टायमर 'स्टॉप' केला तरी जास्तीचा करंट घेत राहतो, 'शटडाउन' द्यावं लागतं, हे कंपनीच्याच एराटामध्ये नोंदवलेलं आहे. एराटा वाचायला कोणी शिकवत नाही. डेटाशीट उतरवताना तोही उतरवून घ्या.

एमएसपी४३०एफ५ मालिकेत याच्या उलटा घोळ होतो. तिथे तुम्ही एलपीएम३ मागितला आणि एखादा टायमर अजून एसएमसीएलके मागत असेल, तर चिप मुकाट्याने तो क्लॉक चालू ठेवते. कोड बरोबर दिसतो, सगळं चालतं, फक्त बॅटरी संपते.

म्हणून मोजायला शिका. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मल्टिमीटर लावला की त्याच्या आतला रेझिस्टर आडवा येतो. तो १०० ओहमचा असेल आणि रीडिंगच्या वेळी ५ मिलिअँपिअर वाहिले, तर अर्धा व्होल्ट तिथेच पडतो आणि चिप रीसेट होऊ शकते. महागडं उपकरण नसेल तर कपॅसिटर वापरा. १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टला भरा, सेल काढा, आणि २.५ व्होल्टला यायला किती वेळ लागतो ते बघा. माझ्या जुन्या कोडला आठ सेकंद लागले, नव्याला सात मिनिटांहून जास्त. दोन काळज्या घ्या. कपॅसिटर स्वतः गळतो, म्हणून आधी तो एकटाच ठेवून मोजा. आणि मीटर सतत लावून ठेवू नका. व्होल्टच्या रेंजवर १० मेगाओहम असले तरी ३ व्होल्टला ०.३ मायक्रोअँपिअर तोच पितो. फक्त वाचताना टेकवा. नव्या कोडचा करंट मोजताना मध्येच रीडिंगची वेळ येणार नाही हेही बघा. मी पहिल्यांदा ते विसरले होते.

मागच्या हंगामात आठही लॉगर जूनपासून मार्चच्या खुड्यापर्यंत चालले. काढले तेव्हा प्रत्येकाची वेळ फोनशी ताडून पाहिली. आठपैकी सहा मागे पडले होते, सगळ्यात जास्त मागे पडलेला साडेचार मिनिटांनी. क्रिस्टलची फ्रीक्वेन्सी २५ अंशांना सगळ्यात जास्त असते. त्यापेक्षा थंड असो वा गरम, ती कमीच होते. पाच अंशांना साधारण १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंद. निफाडच्या थंडीचा माग त्या साडेचार मिनिटांत किती सापडतो हे सध्या काढतेय. लॉगर स्वतःच तापमान नोंदवत होते, त्यामुळे दर रीडिंगचा पीपीएम काढून बेरीज करायची आहे. जमलं तर पुढच्या लेखात आलेख टाकेन.